आकाशातील जवळची वाट

इ. स. १८८३ च्या एप्रिल महिन्यातील ७ तारखेस कलकत्त्याच्या बंदरातून एक आगबोट निघाली. तिच्यावर अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी होत्या. वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर व्हावे आणि स्वदेशी परत येऊन आपल्या भगिनींची सेवा करावी, हे एकच ध्येय उराशी धरून त्या अमेरिकेस चालल्या होत्या. पती बरोबर नव्हते. नात्यागोत्याचे कोणीही माणूस सोबतीला नव्हते. त्या काळी हिंदुस्थानातून अमेरिकेस जाणारा उतारू सुएझच्या कालव्यातून युरोपकडे जाई आणि तेथून अटलांटिक महासागर ओलांडी. एप्रिल सरला, मे महिनाही सरला. अखेर ४ जून रोजी आनंदीबाईंनी न्यूयॉर्कच्या भूमीवर पाऊल ठेवले. त्यांच्या प्रवासाला तब्बल अठ्ठावन्न दिवस लागले होते.

पुढे काळ पालटला. माणूस आकाशात उडू लागला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे भारतीय विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा या शहरी थांबे घेऊन लंडनला पोचले. भारतीय विमानांची युरोपशी नियमित वाहतूक त्या दिवशी सुरू झाली. १९६० मध्ये भारतीय जेट विमाने लंडनच्याही पलीकडे, थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. तरी वाटेत उतरून इंधन घ्यावेच लागे. २००७ च्या ऑगस्ट महिन्यात मात्र मुंबईहून उडालेले भारतीय विमान वाटेत कोठेही न उतरता एकदम न्यूयॉर्कला जाऊन उतरू लागले. या प्रवासास सुमारे सोळा तास लागतात.

अठ्ठावन्न दिवस कोठे आणि सोळा तास कोठे! मग ही दोन शहरे एकमेकांच्या जवळ आली काय? मुळीच नाही. मुंबई जेथे होती तेथेच आहे आणि न्यूयॉर्कही जागचे हललेले नाही. दोन गावांमधील अंतर ही पृथ्वीने ठरवलेली गोष्ट आहे. तिच्यात माणसाला फरक करता येत नाही. परंतु ते अंतर तोडण्यास किती वेळ लागावा, हे पुष्कळ अंशी माणसाच्या ज्ञानावर अवलंबून असते. केवळ वेगवान विमान बांधले म्हणजे हे काम होत नाही. पृथ्वीचा आकार, वाऱ्याचा स्वभाव आणि सूर्याचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. मुंबई-न्यूयॉर्कच्या वाटेवर या तिन्ही गोष्टींची गाठ पडते.

प्रथम अंतराचा विचार करू. वर्गात भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घ्यावा आणि मुंबईवर पट्टीचे एक टोक ठेवून दुसरे टोक न्यूयॉर्कवर टेकवावे. पट्टीच्या कडेने ओढलेली रेघ अरबस्तान, इजिप्त व सहाराचे वाळवंट यांवरून जाते आणि पुढे अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला मिळते. रेघ सरळ आहे. तेव्हा हीच सर्वांत जवळची वाट असणार, असे कोणालाही वाटेल. या वाटेची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते.

आता नकाशा बाजूला ठेवावा आणि पृथ्वीचा गोल हाती घ्यावा. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर दाबून धरावे, दुसरे टोक न्यूयॉर्कवर धरावे आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपण होऊन सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. पण येथे एक नवल घडते. दोरा अरबस्तानाकडे वळतच नाही. तो मुंबईहून निघतो तो जवळजवळ उत्तरेकडे! पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया व रशिया यांवरून तो फिनलंड, स्वीडन व नॉर्वेकडे जातो. आइसलँड बेटास स्पर्श करतो. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून वळतो आणि मग कॅनडावरून खाली उतरत न्यूयॉर्कला येऊन पोचतो. या वाटेची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. म्हणजे नकाशावर जी वाट वाकडी दिसते, ती त्या सरळ रेघेपेक्षा जवळजवळ सतराशे किलोमीटरांनी आखूड आहे.

हे कसे घडते? एखाद्या गडाचे उदाहरण घेऊ. गडाच्या पायथ्याशी पूर्वेस एक गाव आहे आणि पश्चिमेस दुसरे. पायथ्यापायथ्याने वळसा घालून गेले तर चाल फार पडते. त्याऐवजी थोडे वर चढून वळसा घातला तर गडाचा घेर कमी झालेला असतो आणि वळसा आखूड होतो. पृथ्वीचेही असेच आहे. विषुववृत्तावर तिचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. परंतु उत्तरेस ६० अंश अक्षांशावर तो निम्मा, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर राहतो. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे, तर न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशाजवळ आहे. दोन्ही शहरांमध्ये १४७ रेखांशांचे अंतर पडते. हे रेखांश घेर मोठा असेल तेथे ओलांडण्यापेक्षा घेर लहान असेल तेथे ओलांडणे केव्हाही सोईचे. गड चढताना दम तरी लागतो. विमानाला उत्तरेकडे जाताना तसला चढही नसतो.

गोलाच्या बरोबर मध्यातून जाईल अशा रीतीने त्याचा छेद घेतला तर जे वर्तुळ मिळते, ते त्या गोलावरील सर्वांत मोठे वर्तुळ असते. त्यास ‘बृहद्‌वृत्त’ म्हणतात. विषुववृत्त हे असे एक बृहद्‌वृत्त आहे. परंतु ते एकच नव्हे. पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे घेतली तरी त्यांमधून जाणारे बृहद्‌वृत्त काढता येते आणि त्या दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट त्याच बृहद्‌वृत्तावर असते. ताणलेला दोरा नेमकी हीच वाट दाखवतो.

मग नकाशा खोटा म्हणावयाचा काय? तसेही नाही. संत्र्याची साल काढून ती पाटावर सपाट पसरू लागले तर ती फाटते तरी, नाही तर ताणावी तरी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवतानाही हीच अडचण येते. इ. स. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने जगाचा एक नकाशा तयार केला. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकावयाचे असेल तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघेने दाखवता येई. खलाशांची त्यामुळे मोठीच सोय झाली. परंतु त्यासाठी ध्रुवांकडील प्रदेश त्यास फार ताणावे लागले. या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे. नकाशा ज्या कामासाठी काढलेला असतो, त्या कामापुरता तो खरा असतो. अंतर मोजण्याचे काम मात्र गोलाकडेच सोपवावे लागते.

ही गोष्ट एका तरुण वैमानिकाने चांगली ओळखली होती. त्याचे नाव चार्ल्स लिंडबर्ग. न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने आणि वाटेत न थांबता विमानाने जाण्याचे त्याने ठरवले. त्याचे विमान लहान होते. त्यात इंधन किती भरावे, हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. अंतराचा अंदाज चुकला असता तर वाटेत अटलांटिकचे अथांग पाणी होते. सॅन डिएगो शहरातील ग्रंथालयात जाऊन त्याने पृथ्वीच्या गोलावर साधी सुतळी ताणली आणि अंतर मोजले. ते सुमारे ३,६०० मैल भरले. मग त्याने बृहद्‌वृत्ताची वाट नकाशावर आखली, तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर विमानाची दिशा किती बदलावयाची ते लिहून काढले. २० मे १९२७ रोजी तो न्यूयॉर्कहून निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला सुखरूप उतरला. विमानाच्या यंत्रानेच नव्हे, तर त्या सुतळीच्या तुकड्यानेही त्याला पैलतीरी नेले होते.

जवळची वाट कळली. आता वेळेचे गणित सोपे झाले, असे वाटेल. मोठे जेट विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५३० ला ९०० ने भागले की उत्तर सुमारे चौदा तास येते. मग जाताना सोळा तासांच्या आसपास का लागतात? आणि येताना चौदाच का पुरतात? वाट तीच, विमान तेच, तरी जाण्याचा आणि येण्याचा वेळ निराळा का?

याचे एक उत्तर पुष्कळांना सुचते. परंतु ते चुकीचे आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा विमान पश्चिमेस निघाले म्हणजे न्यूयॉर्क स्वतःच समोरून येत असणार, असे ते म्हणतात. तसे असते तर पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोचावयास हवे होते. प्रत्यक्षात ते उशिरा पोचते! चालत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. तो उडवणाऱ्याच्याच हाती येतो. कारण गाडीबरोबर चेंडूही पुढे चाललेला असतो. त्याचप्रमाणे पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवा फिरते आणि त्या हवेत उडणारे विमानही फिरते. म्हणून पृथ्वी पायाखालून सरकते आणि वाट आपोआप कमी होते, असे घडत नाही.

खरे कारण वाऱ्यात आहे. जमिनीपासून सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. आकाशातून वळणे घेत वाहणाऱ्या या जणू वाऱ्याच्या नद्याच होत. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर तर असतोच. हिवाळ्यात तो कधी कधी तीनशेच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काही वर्षांत हवेत फुगे सोडून उंचावरील हे प्रचंड वारे मोजले होते. आपले संशोधन साऱ्या जगाला वाचता यावे म्हणून त्याने ते एस्परांतो या नव्याने रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केले. परंतु ती भाषा जाणणारे थोडे, त्यामुळे जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांना या वाऱ्यांशी प्रत्यक्ष झुंजावे लागले, तेव्हा त्यांचे महत्त्व सर्वांना पटले.

नदीतील होडीचा विचार केला म्हणजे वाऱ्याचा परिणाम ध्यानात येतो. नावाडी तेवढ्याच जोराने वल्ही मारतो. पण प्रवाहाबरोबर जाताना होडी झपाट्याने जाते आणि प्रवाहाविरुद्ध येताना ती रेंगाळते. विमानाचेही तसेच. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि साऱ्या वाटेवर ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा वाहत आहे. जाताना वारा समोरून येतो. म्हणून जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ८०० राहतो आणि प्रवासास सुमारे १५ तास ४० मिनिटे लागतात. परत येताना वारा पाठीशी असतो. वेग १,००० होतो आणि सुमारे साडेबारा तासांत विमान घरी येते. वारा नसता तर एका बाजूच्या प्रवासास १३ तास ५५ मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना पावणेदोन तासांचा तोटा झाला, तर येताना नफा झाला सव्वा-दीड तासांचाच! वारा जितका वेळ हिरावून घेतो, तितका तो परत देत नाही. प्रत्यक्षात साऱ्या वाटेवर वारा सारखा नसतो. तो कोठे जोराचा, कोठे मंद, तर कोठे बाजूचा असतो. त्याशिवाय वर चढताना आणि खाली उतरताना विमानाचा वेग कमी असतो. या सर्वांची गोळाबेरीज होऊन जाण्यायेण्यात दीड-दोन तासांचा फरक पडतो.

पाठीवरचा वारा काय चमत्कार करू शकतो, हे २०२० च्या फेब्रुवारीत दिसून आले. अटलांटिक महासागरावर तेव्हा मोठे वादळ घोंगावत होते आणि जेट प्रवाहाला विलक्षण जोर चढला होता. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान त्या प्रवाहात शिरले आणि अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. एरवी या प्रवासास साडेसहा-सात तास लागतात.

म्हणून मोठ्या पल्ल्याचे विमान निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा व वेग यांचा ताजा अंदाज पुढे ठेवून वाट ठरवली जाते. बृहद्‌वृत्ताच्या वाटेवर समोरून जोराचा वारा असेल, तर थोडा वळसा घेऊन तो टाळणेच श्रेयस्कर ठरते. अंतर वाढते, परंतु वेळ वाचतो. २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरास जाणाऱ्या एका भारतीय विमानाने असाच धाडसी फेरबदल केला. एरवी अटलांटिकवरून पश्चिमेकडे जाण्याचा परिपाठ असता ते पूर्वेकडे निघाले आणि चीन, जपान व अफाट पॅसिफिक महासागर यांवरून उडत गेले. वाट चौदाशेच्या आसपास किलोमीटरांनी लांबली. तिची लांबी सुमारे १५,३०० किलोमीटर झाली. परंतु वारा सर्वत्र पाठीशी राहिला आणि विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचले. लांबची वाट वेळेच्या दृष्टीने जवळची ठरली!

वाट ठरवण्यात चूक झाली तर काय होईल? रस्त्यावरील मोटारीचे इंधन संपले तर ती कडेला उभी करता येते. आकाशात कडेला थांबता येत नाही. म्हणून मोठ्या पल्ल्याच्या विमानात एक लाख लिटरांहूनही अधिक इंधन भरावे लागते. निघताना अशा विमानाचे जे वजन असते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक वजन इंधनाचेच असते. नुसते पोचण्यापुरते इंधन घेऊन भागत नाही. न्यूयॉर्कवर धुके दाटले आणि उतरता आले नाही, तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावर जाता यावे आणि तेथेही काही काळ घिरट्या घालता याव्यात, एवढा साठा हाताशी ठेवावाच लागतो. परंतु वाटेल तितके इंधन भरूनही चालत नाही. कारण इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. विमानात वैमानिकांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी विमान चालवते तेव्हा दुसरी विश्रांती घेते. कारण थकलेल्या डोळ्यांच्या हाती शेकडो लोकांचे प्राण सोपवणे योग्य नव्हे.

पृथ्वी आणि वारा यांच्याखेरीज आणखी एक गोष्ट वाट ठरवते. ती म्हणजे माणसांचे परस्परसंबंध. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश हे त्या देशाच्या सत्तेखाली असते आणि त्यातून जाण्यास त्याची अनुमती लागते. मुंबई-न्यूयॉर्कचा ताणलेला दोरा पाकिस्तानावरून जातो. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बहुतांशी बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापली आकाशे बंद केली. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धानंतर रशियाने युरोप व अमेरिकेतील अनेक देशांच्या विमानांना आपल्या आकाशात मज्जाव केला. अशा वेळी विमानांना लांबून वळसा घ्यावा लागतो. अधिक इंधन जळते, अधिक वेळ जातो, आणि प्रसंगी इंधनासाठी वाटेत उतरावेही लागते. गोलावरील दोरा कोणाच्या सीमा पाहत नाही. वैमानिकाला मात्र त्या पाहाव्या लागतात.

आता उरले सूर्याचे वेळापत्रक. समजा, जानेवारी महिन्यात एक मुलगी रात्री १ वाजता मुंबईहून विमानाने निघाली. सोळा तासांनी ती न्यूयॉर्कला उतरली. तेव्हा तेथील घड्याळात पाहावे, तो सकाळचे साडेसहाच वाजलेले! तारीखही तीच. तिने घड्याळावर विश्वास ठेवला, तर प्रवास अवघा साडेपाच तासांचा झाला असे तिला म्हणावे लागेल. परंतु तिचे आखडलेले पाय निराळेच सांगत असतील.

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी करते; म्हणजे ३६० अंश फिरते. याचाच अर्थ ती एका तासात १५ अंश फिरते. त्यामुळे पश्चिमेस १५ अंशांवर असलेल्या ठिकाणी सूर्य एक तास उशिरा उगवतो. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाप्रमाणे लावतात, तर न्यूयॉर्कचे घड्याळ ७५ अंश पश्चिम रेखांशाप्रमाणे लावतात. दोहोंमधील अंतर साडेएकशे सत्तावन्न अंश झाले. त्यास १५ ने भागले की साडेदहा येतात. म्हणून न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या मागे साडेदहा तास असते. उन्हाळ्यात तेथील लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

तीच मुलगी काही दिवसांनी न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता परत निघाली आणि चौदा तासांनी मुंबईस उतरली. येथे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील. घड्याळाच्या मते हा प्रवास साडेचोवीस तासांचा झाला! जाताना साडेपाच आणि येताना साडेचोवीस. दोहोंची बेरीज तीस. आणि खरे तास किती? जाताना सोळा व येताना चौदा, म्हणजे तीसच. जाताना घड्याळाने जे साडेदहा तास उसने दिले होते, ते येताना त्याने पुरते वसूल करून घेतले. सूर्याच्या हिशेबात कोणाला एक मिनिटही फुकट मिळत नाही.

शरीराला मात्र हा हिशेब चटकन समजत नाही. न्यूयॉर्कला सकाळ झालेली असते. परंतु मुंबईची सवय असलेल्या शरीराच्या मते सायंकाळ टळत आलेली असते. भर दुपारी झोप येते आणि मध्यरात्री भूक लागते. नव्या वेळेशी जुळवून घेण्यास शरीराला काही दिवस द्यावे लागतात. आगबोटीच्या उतारूला हा त्रास होत नसे; कारण बोट सावकाश जाई आणि घड्याळाचे काटे रोज थोडेथोडे सरकवले की भागे. वेगाने माणसाला पुष्कळ दिले; त्याबरोबर ही नवी अडचणही दिली.

आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे अभ्यास केला आणि १८८६ च्या मार्च महिन्यात त्या डॉक्टर झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मुंबईस परत आल्या, तेव्हा क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांचे वय बावीस वर्षेही पूर्ण झाले नव्हते. परदेशी असताना घरी पाठवलेल्या पत्राचे उत्तर हाती येण्यास त्यांना महिनोन् महिने वाट पाहावी लागे. आजारीपणात माणसे भेटावीत म्हटले, तरी मध्ये सातासमुद्रांचे पाणी होते.

आज एखादी मुलगी त्यांच्याप्रमाणेच शिकण्यासाठी अमेरिकेस निघते, तेव्हा आई तिला रात्री विमानतळावर निरोप देते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सुखरूप पोचल्याचे ऐकते. घरी कोणी आजारी पडले तर ती एका दिवसात परत येऊ शकते. हा पल्ला कमी करण्यासाठी कोणी गोलावर सुतळी ताणली, कोणी आकाशात फुगे सोडले, कोणी वल्ही मारणाऱ्या नावाड्याचे गणित विमानाला लावले. त्या सर्वांनी मिळून वेळ कमी केला. अंतर मात्र जसेच्या तसे उभे आहे. आनंदीबाईंना जेवढे ओलांडावे लागले, तेवढेच ते आजच्या मुलीलाही ओलांडावे लागते. आणि ते ओलांडण्यासाठी जे धैर्य लागते, ते कोणत्याही विमानात भरून मिळत नाही. ते घरूनच बरोबर न्यावे लागते.

अभ्यास

१. नकाशावरील सरळ रेघ आणि गोलावरील ताणलेला दोरा यांपैकी जवळची वाट कोणती? ती जवळची का, हे गडाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना अधिक वेळ लागतो आणि येताना कमी लागतो. याची कारणे लिहा.

३. ‘वारा जितका वेळ हिरावून घेतो, तितका तो परत देत नाही.’ वाऱ्याचा वेग ताशी ५० किलोमीटर धरून हे गणित स्वतः करून पाहा.

४. शाळेतील पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुंबई व टोकियो या शहरांमधील जवळची वाट शोधा. ती कोणकोणत्या देशांवरून जाते, त्यांची नावे लिहा.

५. ‘लांबची वाट वेळेच्या दृष्टीने जवळची ठरली’ या वाक्याचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे सांगा.